हिरवा लागलाय, तरी चालत नाही

चाकण एमआयडीसीतल्या एखाद्या वेल्डिंग शॉपमध्ये रोबो थांबला की माणसं ठरलेल्या क्रमाने जमतात. सगळ्यात आधी ऑपरेटर, कारण तो तिथेच असतो आणि आपण कशालाही हात लावलेला नाही हे सांगायची घाई त्यालाच जास्त असते. मग लाईन लीडर, मग सुपरवायझर, मग या रोबोशी काडीचा संबंध नसलेला शेजारच्या लाईनवरचा एक जण. मेंटेनन्सवाला शेवटी येतो, कारण त्याला फोन कुणी करायचा हा वाद आधी मिटावा लागतो. तोवर प्रत्येकाने मान वर करून टॉवर लाइटकडे, म्हणजे खांबावर एकावर एक रचलेल्या रंगीत दिव्यांकडे, पाहिलेलं असतं आणि निदान एकमताने झालेलं असतं : "हिरवा लागलाय, तरी चालत नाही."

या वाक्यात रोबोवर सरळसरळ विश्वासघाताचा आरोप आहे. वास्तविक हिरव्या दिव्याने कुणालाही शब्द दिलेला नसतो. यंत्रांवरच्या दिव्यांचे रंग ठरवणारं आयईसी ६०२०४-१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार लाल म्हणजे धोका, पिवळा म्हणजे काहीतरी वेगळं घडतंय, हिरवा म्हणजे सगळं नेहमीसारखं, पांढरा तटस्थ. आणि निळा म्हणजे माणसाने आता काहीतरी करणं भाग आहे. नेमका हा निळा दिवा बऱ्याच टॉवरांवर नसतोच. लाल, पिवळा, हिरवा अशा तिघांत भागतं. चौथ्या मजल्याचे पैसे कोण देणार?

निळ्याच्या वाट्याला हे यावं, हा तसा अन्यायच. जगातला पहिला औद्योगिक रोबो, युनिमेट, १९६१ साली अमेरिकेतल्या न्यू जर्सीत जनरल मोटर्सच्या कारखान्यात कामाला लागला. डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी निक होलोन्याक यांनी त्यानंतर वर्षभराने, १९६२ मध्ये बनवला. झगझगीत निळा एलईडी यायला मात्र १९९० चं दशक उजाडावं लागलं, आणि त्याबद्दल जपानमध्ये जन्मलेल्या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. माणसाला 'जरा इकडे या' एवढं सांगू शकणारा दिवा तयार करायला तीस वर्षं गेली आणि चाकणमध्ये तो कोटेशनमधूनच वजा झाला.

तर हिरवा. हिरव्याचं म्हणणं एवढंच, की कंट्रोलरला स्वतःविषयी तक्रार नाही. रोबो बिघडलेला नसतो, तो वाट बघत असतो. फिक्श्चरमध्ये जॉब बसल्याची खबर एक प्रॉक्सिमिटी सेन्सर देतो. ती खबर आली की पुढची हालचाल, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. त्या सेन्सरच्या पाठीवर एक बारीक पिवळा दिवा असतो, आणि सेन्सरचं तोंड वेल्डिंगच्या ठिणग्यांनी भाजून निकामी झालेलं असतं. खबर येत नाही, तो दिवाही लागत नाही. रोबो उभा राहतो. अलार्म नाही, तक्रार नाही, लाल नाही. प्रोग्रॅममध्ये वेळेची मर्यादा घातलेली नसेल तर तो पहिली पाळी संपेपर्यंत उभा राहील आणि दुसरीतही. इतका संयम कारखान्यात दुसऱ्या कुणाकडे नसल्यामुळे त्याचा अर्थ कुणाला लागत नाही. पाच-सहा माणसं दहा फूट उंचीवरच्या हिरव्या दिव्यावर चर्चा करतात आणि गुडघ्याच्या उंचीवरच्या पिवळ्याकडे बघायला कुणी वाकत नाही.

वाकतो तो बहुधा रात्रपाळीचा हेल्पर. समजा, तो बुंदेलखंडातला आहे. चाकणच्या कुठल्याही पाळीत तिकडचं कुणीतरी सापडतंच. समजा, तो बरुआसागरचा आहे. झाशीहून मऊरानीपूरच्या रस्त्याला लागलं की हे गाव येतं. ओरछाच्या राजा उदितसिंहाने बांध घालून केलेला मोठा तलाव, त्याच्यावर किल्ला, आणि बाजारात आल्याचे ढीग. १७४४ मध्ये मराठे आणि बुंदेले इथेच एकमेकांना भिडले होते. आता मराठी माणूस तिकडे लढायला जात नाही आणि बरुआसागरचा मुलगा झेलम एक्स्प्रेसमध्ये बसून इकडे शिफ्ट करायला येतो. लाईनवर सगळे त्याला 'झांसी' म्हणतात. तो दर वेळी सांगतो, झांसी नहीं, बरुआसागर. त्याला 'बरं, झांसी' असं उत्तर मिळतं. गाव आल्याचं, नोकरी चाकणमध्ये, म्हणजे कांद्याच्या गावात. तेव्हा शेतमालाच्या भावावर त्याचं मत असतं आणि रोबोवर नसतं. म्हणूनच तो मॅन्युअलमध्ये काय असायला हवं याचा विचार न करता समोर काय आहे ते बघतो. "दादा, नीचे वाली बत्ती बंद है," तो सांगतो. मेंटेनन्सवाला म्हणतो, "थांब रे झांसी, आधी कंट्रोलर बघू."

मग कंट्रोलर बघतात.

कंट्रोलर म्हणजे रोबोच्या शेजारी किंवा कुंपणाबाहेर उभं असलेलं कपाट. हात तो नारंगी किंवा पिवळा, देखणा, पाहुण्यांनी फोटो काढावा असा. डोकं मात्र या करड्या कपाटात असतं आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. एबीबी कंपनीच्या आयआरसी५ कंट्रोलरवर 'मोटर्स ऑन'चं एक पांढरं बटण आहे, त्यातच दिवा आहे. तो स्थिर असला तर रोबो प्रोग्रॅम चालवायला तयार. सेकंदाला एकदा असा सावकाश लुकलुकला तर सुरक्षेसाठीचा एखादा स्टॉप लागलेला आहे आणि मोटर बंद आहेत. सेकंदाला चारदा लुकलुकला तर मोटर चालू आहेत, पण आपला कुठला सांधा नेमका कुठे आहे याचा हिशेब रोबोकडे नाही. एकच दिवा, एकच रंग, आणि दोन अर्थांमध्ये फरक फक्त वेगाचा.

रात्री दोन वाजता सर्व्हिस इंजिनिअरला फोन लागतो तेव्हा हा फरक फार मोठा होतो.

"दिवा लागलाय का?"

"लागलाय साहेब."

"सतत, की लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय."

"हळू, की जोरात?"

इकडे थोडी कुजबुज होते. दोघांचं 'हळू' पडतं, एकाचं 'जोरात'. लोकशाही मार्गाने उत्तर जातं : "मध्यम."

'मध्यम' असं उत्तर मॅन्युअलमध्ये नाही. मग साहेब म्हणतात, फोटो पाठव. लुकलुकणाऱ्या दिव्याचा फोटो ही एक अद्भुत वस्तू आहे. त्यात दिवा एकतर लागलेला दिसतो किंवा विझलेला. मधलं सगळं, म्हणजे जे कळायला हवं ते सगळं, निघून जातं. पहिल्या फोटोत विझलेला येतो. साहेब तिकडून म्हणतात, सप्लाय नाहीये, ब्रेकर बघा. इकडे तिघं मिळून ब्रेकर बघून येतात, तो बिचारा ठणठणीत असतो. तोवर दुसरा फोटो पोचतो, त्यात दिवा लागलेला. साहेब म्हणतात, आता आलं ना? मग आधी काय केलं होतं? मग व्हिडिओ काढायचं ठरतं आणि व्हिडिओत अंगठा येतो.

लुकलुकण्याची ही भाषा फक्त एका कंपनीची नाही. इथरकॅट नावाच्या नेटवर्कवर चालणाऱ्या उपकरणांचा हिरवा 'रन' दिवा विझलेला असला तर उपकरण नुकतंच जागं होतंय. एकसारखा लुकलुकला तर बोलणं सुरू झालंय, कामाला हात लावलेला नाही. एकदा चमकून बराच वेळ गप्प राहिला तर ऐकतंय सगळं, करत काही नाही. स्थिर लागला की कामावर. सरकारी कचेरीत गेलेल्या माणसाला या चारही अवस्था तोंडपाठ असतात, तिथे फक्त दिवा नसतो.

सांध्यांचा हिशेब हरवण्याची गोष्ट, कंपनी कुठलीही असो, खरी रंगते ती दिवाळीनंतर. रोबोच्या प्रत्येक सांध्यातल्या मोटरला एक एन्कोडर असतो, तो सांधा किती फिरला ते मोजत असतो. कंट्रोलरची वीज बंद असताना ही मोजणी जिवंत ठेवायला बॅटरी लागते. फॅनक कंपनीच्या बऱ्याच रोबोंमध्ये या कामासाठी बुंध्यात काय असतं? डी साइझचे, दीड-दीड व्होल्टचे चार अल्कलाइन सेल. गावाकडच्या टॉर्चमध्ये घालायचे तेच जाडे सेल. लाखो रुपयांच्या यंत्राची स्मरणशक्ती किराणा दुकानात मिळणाऱ्या चार सेलांवर टिकून असते, हे पर्चेस खात्याला सांगितलं तर खरं वाटत नाही. सांगितल्यावर पहिला प्रश्न येतो, "गेल्या वर्षीच घेतले ना?" घेतले होते. ते दरवर्षी बदलायचे असतात.

त्यातही एक गंमत आहे. कुठलंही उपकरण उघडायचं तर आधी वीज बंद करावी, हे आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात आणि ते बरोबरच आहे. हे सेल मात्र कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून बदलायचे. वीज बंद करून सेल काढले की आठवण गेली. म्हणजे नियम पाळणारा शहाणा मुलगाच इथे रोबोला विसराळू करून ठेवतो आणि त्याला नियम मोडायला सांगणारा सीनियर नेमका रजेवर असतो.

सेल उतरायला लागले की कंट्रोलर आधी सांगतो. एसआरव्हीओ-०६५, बॅटरी कमी झाली आहे. रोबो त्या इशाऱ्यानंतरही चालतो, आणि जे चालतं त्याला हात लावायचा नाही हा कारखान्यातला सर्वात जुना कायदा आहे. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळी प्लांटची वीज बंद होते. सगळे गावी जातात. बरुआसागरचा मुलगा झेलम पकडतो. चार दिवसांनी येऊन मेन स्विच वर करावा तर समोर एसआरव्हीओ-०६२. सेल पूर्ण संपले, मोजणी शून्य झाली. रोबो शारीरिकदृष्ट्या धडधाकट, फक्त आपला हात कुठे आहे ते त्याला ठाऊक नाही. मग मास्टरिंग. प्रत्येक सांध्यावरच्या खुणेच्या रेघा एकमेकींसमोर आणायच्या आणि त्याला सांगायचं, हा तुझा खांदा, हे कोपर, हे मनगट. यात पाळी जाते. प्रॉडक्शनचे साहेब दर पंधरा मिनिटांनी येऊन विचारतात, "अजून किती?" आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीत.

फॅनकच्या अलार्मची यादी वाचली की यंत्राचा माणसाविषयीचा अनुभव काय आहे ते कळतं. शेकडो बिघाडांची ही यादी. पण पहिले चार क्रमांक पाहा. ००१ : पॅनलवरचा इमर्जन्सी स्टॉप कुणीतरी दाबलाय. ००२ : टीच पेंडंटवरचा, म्हणजे रोबोला शिकवायच्या हातातल्या पॅनलवरचा, दाबलाय. ००३ : पेंडंटमागचा डेडमॅन स्विच सोडलाय. ००४ : कुंपणाचं दार उघडंय. चारही ठिकाणी यंत्राचा काही दोष नाही. त्यातला ००३ विशेष मार्मिक. डेडमॅन स्विचला तीन स्थिती असतात. सोडला तर रोबो थांबतो, मध्यम दाबून धरला तर चालतो, आणि करकचून दाबला तरी थांबतो. कारण घाबरलेला माणूस कधी हातातलं टाकून देतो तर कधी मुठी आवळतो. नवीन ट्रेनी घाबरलेला असतोच. तो आवळतो, रोबो थांबतो. तो दचकून सोडतो, रोबो पुन्हा थांबतो. अर्ध्या तासाने तो जाहीर करतो की रोबोत फॉल्ट आहे.

आणि मोडची किल्ली राहिलीच. टी-१ मोडमध्ये रोबोचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. शेजारी उभं राहून शिकवणाऱ्याला बाजूला व्हायला वेळ मिळावा म्हणून. शिकवून झालं की किल्ली ऑटोवर आणायची आणि काढून घ्यायची. ती काढून घेतली तर हरवते म्हणून स्विचलाच तारेने बांधलेली असते. चहाच्या सुट्टीआधी कुणीतरी टी-१ वर ठेवून जातं, सुट्टीनंतर सायकल स्टार्टचं हिरवं बटण सहा जण आलटून पालटून दाबतात. सातवा येतो तो अंगठ्याचा जोर वाढवतो.

हे झालं दिव्यांचं. दिवे निदान बोलतात तरी. कपाटाची खालची बाजू, जिथे केबली घुसतात, ती गप्प असते.

कूकाच्या केआर सी४ कपाटावर जाड, कुलूपबंद कनेक्टर आहेत. एक्स २० मधून मोटरची वीज जाते, एक्स २१ मधून एन्कोडरची माहिती, एक्स १९ ला पेंडंट, एक्स ११ ला दार आणि इमर्जन्सी स्टॉपच्या तारा. यांचं बरं आहे. आकार वेगळे, चुकीच्या जागी बसत नाहीत, बळ लावणारा माणूसच आधी थकतो. भानगड होते ती इथरनेटच्या पोर्टांवर. ती चाळीतल्या खोल्यांसारखी एका ओळीत, एकसारख्या दारांची. आयआरसी५ च्या कॉम्प्युटर युनिटवर एक्स २ सर्व्हिस, एक्स ३ पासून एक्स ५ लॅन, एक्स ६ वॅन. प्लग कुठल्याही दारात 'टक्' करून बसतो, आणि 'टक्' आवाज आला म्हणजे काम झालं अशी सर्वांचीच श्रद्धा आहे.

सर्व्हिस पोर्ट हा फक्त इंजिनिअरच्या लॅपटॉपसाठी. त्याचा पत्ता कायमचा ठरलेला, १९२.१६८.१२५.१, आणि त्याच्यावर एक उदार स्वभावाची सोय आहे : जो कुणी जोडला जाईल त्याला तो स्वतःहून नेटवर्कचा पत्ता देतो. आता इथे कुणी फॅक्टरीच्या नेटवर्कची केबल खोचली तर रोबोला वाटतं, आज फारच लॅपटॉप आलेत. तो सगळ्यांना पत्ते वाटायला बसतो. ऑफिसातला प्रिंटर रोबोकडून पत्ता घेतो आणि छापायचं बंद करतो. गेटवरचं हजेरीचं मशीनही घेतं. आयटीवाले ऑफिसात राउटर बदलत बसतात. रोबो इकडे हिरवा दिवा लावून मजेत वेल्डिंग करत असतो. हे करू नका असं मॅन्युअलमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. मॅन्युअल कपाटाच्या दारातल्या खिशात, प्लॅस्टिकसकट.

केआर सी४ च्या पॅनलवर दोन यूएसबी पोर्टंही आहेत. बॅकअपसाठी, अशी कंपनीची कल्पना. रात्रपाळीचा समज वेगळा आहे. मोबाइल चार्ज होतो. त्याच पोर्टातून कधी कुणाचा पेन ड्राइव्ह जातो, ज्यात रोबोच्या प्रोग्रॅमशेजारी लग्नाचे व्हिडिओ आणि दोन-तीन जुनी दुखणी असतात. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट हा व्हायरस अशाच पेन ड्राइव्हमधून पसरला होता आणि त्याचं लक्ष्य होतं कारखान्यांतले सीमेन्सचे कंट्रोलर. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये सांगितली की सगळे गंभीर होतात आणि स्लाइड्सची कॉपी पेन ड्राइव्हवर मागतात.

सगळेच कंट्रोलर इतके अबोल नसतात. डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सने आतल्या टर्मिनलांनाच रंग दिले : सुरक्षेच्या तारांना पिवळी, साध्या डिजिटल सिग्नलला करडी, अॅनालॉगला हिरवी. याच कंपनीचे, माणसाच्या शेजारी विनाकुंपण काम करणारे कोबोट बजाज ऑटोने २०१० पासून आणायला सुरुवात केली आणि पुढे शंभरावर नेले. पुण्याने स्वतःचा रोबोही करून पाहिला. टाटा समूहातल्या टाल कंपनीचा 'ब्राबो' २०१७ मध्ये बाजारात आला, किंमत तेव्हा ५ ते ७ लाखांच्या घरात. छोट्या कारखानदाराला परवडावा हा हेतू होता. छोटा कारखानदार आधी विचारतो, "याला चहा लागतो का?" आणि नाही म्हटल्यावर खूश होतो, सेलांचं त्याला नंतर कळतं.

खंडेनवमीला मात्र सगळे ब्रँड एका रांगेत येतात. रोबोच्या मनगटाला झेंडूची माळ, टॉवर लाइटला लिंबू-मिरची, कपाटाला हळदकुंकू. कुंकवाचा टिळा लावायला गोल, उठावदार जागा शोधली जाते आणि तशी जागा एकच असते : तो पांढरा दिवा. दुसऱ्या दिवशी सकाळपाळीला तो लाल दिसतो. लाल पाहिल्यावर हात लावायची कुणाची छाती होत नाही, पुन्हा साहेबांना फोन जातो. "लाल लुकलुकतोय?" तिकडून अविश्वासाने विचारतात, "त्या मॉडेलला तिथे लाल नसतोच!" "आहे साहेब, फोटो पाठवतो." दरम्यान माळेची एक लड वाऱ्याने हलून लाईट कर्टनच्या किरणांत येते. कुणीतरी आत शिरलं असं समजून रोबो थांबतो. माळ काढायची कुणी, यावर शांतपणे विचारविनिमय होतो, कारण ती काल प्लांट हेडनी स्वतः घातलेली असते.

शेवटी एका रात्री दिवा खरंच सेकंदाला एकदा लुकलुकतो, मोजूनमापून. सर्व्हिस इंजिनिअर बोलावला जातो. तो येतो, कपाट उघडतो, केबलींवरून हात फिरवतो. एका प्लगची प्लॅस्टिकची क्लिप कधीतरी तुटलेली असते आणि कंपनाने प्लग केसभर मागे सरकलेला असतो. बरुआसागरचा मुलगा मागून म्हणतो, "यही तो मैं शाम से कह रहा था, दादा." साहेब नवीन प्लग क्रिंप करून बसवतात, टक्. दिवा स्थिर होतो. सगळं मिळून अकरा मिनिटं. ते रिपोर्ट लिहितात, प्रवासखर्चासह बिल देतात आणि जातात.

बिल पर्चेसकडून परत येतं. कुठला पार्ट बदलला, त्याचा पार्ट नंबर काय, आणि जुना पार्ट स्टोअरला जमा का केला नाही, असे तीन शेरे. जुना प्लग झाडूवाल्याने कधीच नेलेला असतो. मेंटेनन्सवाला दोन दिवस विचार करतो, मग 'झांसी'ला भंगाराच्या पिंपातून कुठला तरी तुटका प्लग शोधून आणायला पाठवतो. तो सात आणतो. स्टोअरवाला सातही जमा करून घेतो आणि उरलेल्या सहांचं बिल कुठे आहे ते विचारतो.